पुठ्ठ्याची खुर्ची

घरात नवा पंखा किंवा नवे शिवणयंत्र येते, तेव्हा त्या वस्तूचे कौतुक होते. ती ज्या खोक्यातून आली त्या खोक्याकडे कोणी वळून पाहत नाही. दोन-चार दिवस तो माळ्यावर पडून राहतो आणि पुढल्या रविवारी रद्दीवाल्याच्या तागडीत जातो. परंतु याच उपेक्षित पुठ्ठ्याने गेल्या शतकात काही नामांकित शाळांतून गुरूचे काम केलेले आहे. होतकरू अभियंत्यांसमोर पुठ्ठ्याचे दोन तक्ते ठेवावेत आणि त्यांना सांगावे, की खिळा नको, सरस नको, एक माणूस निर्धास्तपणे बसू शकेल अशी खुर्ची यातून करून दाखवा. हा पाठ आज अनेक देशांतील अभियांत्रिकी आणि वास्तुकलेच्या विद्यालयांतून दिला जातो. वरवर तो खेळ वाटतो. प्रत्यक्षात त्याच्यामागे हात आणि बुद्धी यांच्या भांडणाचा दीर्घ इतिहास उभा आहे.

प्रथम या पुठ्ठ्याचेच कुळ पाहू. आपल्याकडे छपराच्या पत्र्याला पन्हळी पत्रा म्हणतात, त्याच न्यायाने याला पन्हळी पुठ्ठा म्हणण्यास हरकत नाही. कारण दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटेसारखा मुडपलेला तिसरा कागद, ही त्याची रचना. पण मुडपलेल्या कागदाचा पहिला उपयोग खोक्यासाठी झाला नाही. १८५६ साली हीली आणि अॅलन या दोघा इंग्रजांनी त्याचे पेटंट घेतले ते साहेबलोकांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी! पुढे १८७१ साली न्यू यॉर्कच्या अल्बर्ट जोन्स याने बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी तो कागद वापरला. नुसता मुडपलेला कागद ओढला की सपाट होतो, हा त्यातला दोष. १८७४ साली ऑलिव्हर लाँग याने त्या लाटेला सपाट कागदाची जोड चिकटवली आणि लाट जागच्या जागी जखडली गेली. १८७९ मध्ये ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेर या छापखानेवाल्याकडे बियाण्याच्या पिशव्या छापल्या जात असता यंत्रातली धातूची एक पट्टी वर सरकली आणि घडी पडण्याऐवजी कागद कापलाच गेला. नुकसान झाले; पण एकाच दाबात कापणेही होऊ शकेल आणि घडीची रेघही पाडता येईल, हे गेरच्या ध्यानी आले. तयार कापलेल्या आणि दुमडून उभ्या करता येणाऱ्या खोक्यांचा धंदा येथून सुरू झाला.

हा पुठ्ठा शिक्षकाच्या कामाचा का, ते समजण्यास एक साधा प्रयोग पुरे आहे. वहीचा एक कागद कडेवर उभा करून पाहावा, तो कोसळतो. त्याच कागदाला मधोमध एक घडी घालून काटकोनात उघडावा. तो उभा राहतो. कागद तोच, वजन तेच, केवळ आकार बदलला. पन्हळीच्या पुठ्ठ्यात हेच शेकडो वेळा घडलेले असते. मधली लाट दोन्ही बाजूंच्या कागदांना एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवते. पुलाच्या लोखंडी गर्डरमध्ये वरची पट्टी आणि खालची पट्टी यांच्यामध्ये उभी पट्टी असते, तिचे काम येथे लाट करते. परंतु या पुठ्ठ्याला दिशा आहे. पन्हळी उभ्या ठेवल्या तर तो चांगला भार पेलतो. आडव्या ठेवल्या तर त्याच भाराखाली चेपून बसतो. लाकडाला जसा रेषा असतात, तसा हा त्याचा स्वभाव. विद्यार्थ्याने पुस्तकात हे वाचले तर तो परीक्षेपुरते लक्षात ठेवील. त्याने केलेली खुर्ची पन्हळी आडव्या पडल्यामुळे सर्वांदेखत बसली, तर तो ते सहसा विसरत नाही.

आता मुलांच्या हाती कागद देण्याची कल्पना कोणाची, हा प्रश्न. तिचा उगम अभियांत्रिकी विद्यालयात नाही, बालवाडीत आहे. जर्मनीत फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान असे नाव दिले. लाकडी ठोकळे, काड्या आणि कागद ही त्यांची साधने. चौरस कागदाच्या घड्या घालता घालता मुलाला कोन, कर्ण आणि समांतर रेषा कळाव्यात, असा त्यांचा हेतू. ही कल्पना किती दूरवर गेली याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. १८९३ साली मद्रास येथे टी. सुंदर राव या गणितप्रेमी गृहस्थांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. बालोद्यानातील घडीकाम पाहूनच ते त्यांना सुचले होते. जर्मनीचे थोर गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची नवी आवृत्ती निघाली. मद्रासेत छापलेले भूमितीचे पुस्तक युरोप-अमेरिकेच्या गणित्यांनी हाती धरावे, हे त्या काळात नवलच म्हटले पाहिजे.

दुसरा प्रवाह उत्तरेकडचा. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेयुस या पाद्री-शिक्षणतज्ज्ञांच्या खटपटीने १८६६ पासून ग्रामीण शाळांतील मुलग्यांना हस्तकाम सक्तीचे झाले. स्वीडनमध्ये नेस या गावी ओट्टो सालोमोन यांनी शिक्षकांसाठी हस्तकामाचे विद्यालय चालविले आणि तेथे देशोदेशीचे शिक्षक येऊ लागले. या पद्धतीला ‘स्लॉइड’ म्हणत. तिचा उद्देश सुतार घडविणे हा नव्हता. डोळा नेमका व्हावा, हात आज्ञाधारक व्हावा आणि मजुरीच्या कामाविषयी आदर उपजावा, हा होता. पुढे लाकडापूर्वीची पायरी म्हणून कागद-पुठ्ठ्याचे स्लॉइडही पुष्कळ शाळांनी उचलले, कारण त्याला रंधा नको, पटाशी नको, कातर आणि पट्टी असली की झाले. शांतिनिकेतनाशी संबंध असलेले लक्ष्मीश्वर सिन्हा हे स्वीडनला जाऊन ही विद्या घेऊन आले होते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या उपस्थितीत जी शिक्षणपरिषद भरली आणि जिच्यातून झाकिर हुसेन समिती निघाली, तिनेही हस्तोद्योगालाच शिक्षणाचे केंद्र मानले. मात्र वर्ध्याच्या योजनेत मुलाने केलेल्या वस्तूला बाजारात किंमत यावी अशी अपेक्षा होती. पुठ्ठ्याच्या खुर्चीला ती येणे कठीण. तिचा मोल तिच्या करण्यात, फार तर तिच्या मोडण्यात आहे, विकण्यात नाही.

अभियंत्यांच्या शाळा या साऱ्यापासून फटकून होत्या असे नाही. मॉस्कोच्या शाही तंत्रविद्यालयात व्हिक्टर देला-वोस यांनी कारखान्यातील कामाचे लहान लहान धडे पाडले: आधी कानस, मग छिन्नी, मग सांधा. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते नमुने मांडले गेले, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयाचे अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून इतके प्रभावित झाले, की त्यांनी तीच पद्धत आपल्या संस्थेत आणली. आपल्याकडे पुण्यास १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचे कलाभवन सुरू झाले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी, हे सांगताना बडोदेकर मराठी माणसाची मान ताठ होते आणि ते योग्यच आहे.

परंतु कार्यशाळेतील सुतारकाम-लोहारकाम आणि रचनेची कल्पना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यशाळेत विद्यार्थ्याला नमुना दिलेला असतो आणि तसाच दुसरा करावयाचा असतो. काय करावे हे ठरविण्याचे काम त्याच्याकडे नसते. ते काम वर्गात आणण्याचे श्रेय ज्या गृहस्थांकडे जाते ते अभियंता नव्हते, चित्रकार होते. आणि त्याहीपूर्वी प्राथमिक शाळेचे मास्तर होते.

योझेफ आल्बर्स यांचा जन्म १८८८ सालचा, जर्मनीच्या कोळसाखाणींच्या मुलखातील बोट्रॉप गावचा. वडील घरे रंगविणारे कारागीर. मुलाने काही वर्षे गावच्या शाळेत शिकविले आणि १९२० साली, वयाच्या बत्तिशीत, तो पुन्हा विद्यार्थी होऊन वायमारच्या बाउहाउस या कलाविद्यालयात दाखल झाला. ही शाळा १९१९ साली निघालेली. कलावंत आणि कारागीर यांच्यामधली भिंत पाडावी, हा तिचा संकल्प. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला प्रथम एक प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करावा लागे. १९२३ मध्ये त्यातील काही भाग आल्बर्स यांच्याकडे आला. १९२५ साली शाळा डेसाऊला हलली, तेव्हाही तो त्यांच्याकडेच राहिला.

महायुद्धात हरलेल्या आणि चलनफुगवट्याने होरपळलेल्या जर्मनीतले ते दिवस. लाकूड महाग, धातू त्याहून महाग. आल्बर्स यांनी या दारिद्र्याचाच अभ्यासक्रम केला. त्यांच्या एका विद्यार्थ्याने पुढे सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. गुरुजी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले, प्रत्येकाला कागद वाटले आणि म्हणाले, की आपण गरीब आहोत, वस्तू आणि वेळ वाया घालविणे आपल्याला परवडणारे नाही. या कागदाचे आता तो आहे त्याहून अधिक काहीतरी करा, आणि सुरी, कातर, डिंक यांवाचून जमले तर फारच उत्तम. एवढे सांगून ते निघून गेले. काही तासांनी परतले तेव्हा जमिनीवर मुखवटे, होड्या, किल्ले, विमाने आणि प्राणी यांची जत्रा भरली होती. गुरुजींनी ती सारी बालोद्यानातली खेळणी ठरविली. त्यांतल्या पुष्कळ वस्तू दुसऱ्या एखाद्या पदार्थाच्या अधिक चांगल्या झाल्या असत्या, असा त्यांचा आक्षेप. मग त्यांनी एका अगदी साध्या कृतीकडे बोट दाखविले. एका तरुण हंगेरियन वास्तुविशारदाने कागदाला केवळ उभी घडी घातली होती, त्यामुळे तो पडद्यासारखा आपल्या कडेवर उभा होता. टेबलावर निपचित पडून राहणारा मऊ कागद या घडीने ताठ झाला, आणि एरवी ज्या कडेकडे कोणी पाहत नाही, ती कडा भार घेऊ लागली. हे कागदालाच साधणारे काम आहे, असे गुरुजींनी सर्वांना समजावून दिले.

या एका प्रसंगात पुढच्या साऱ्या पाठाचे बीज आहे. कागद एरवी आडवा ठेवून वापरतात, म्हणून येथे तो उभा करावा. तो चिकटवितात, म्हणून येथे चिकटवू नये. अशी बंधने घातली, की विद्यार्थ्याला पाठ केलेली उत्तरे उपयोगी पडत नाहीत आणि तो हातातल्या वस्तूलाच प्रश्न विचारू लागतो. कमीत कमी सामग्री, कमीत कमी श्रम आणि जास्तीत जास्त परिणाम, या मापाने आल्बर्स कामाची पारख करीत. उरलेल्या तुकड्यांचाही हिशेब घेत. ही काटकसर कित्येकांना कंजूषपणा वाटली असेल. अभियंत्याच्या धंद्यात मात्र तीच खरी कला आहे. पूल कोणीही बांधील, निम्म्या लोखंडात बांधणारा विरळा. १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली बाउहाउस बंद झाले आणि आल्बर्स अमेरिकेत गेले. आधी उत्तर कॅरोलिनातील ब्लॅक माउंटन विद्यालयात आणि १९५० पासून येल विद्यापीठात. कागदाचा धडा त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेला.

गंमत अशी, की तो धडा अमेरिकेच्या कलाशाळांत रुजत होता त्याच काळात तेथील अभियांत्रिकी विद्यालये उलट दिशेने निघाली होती. दुसऱ्या महायुद्धाने रडार आणि अणुशक्ती पुढे आणली. शास्त्रज्ञांचा मान वाढला, अभियंते मागे पडल्यासारखे झाले. १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने अभ्यासक्रमात विज्ञानाचा पाया भक्कम करावा अशी शिफारस केली. शिफारस वाजवी होती. पण तिच्या आधाराने पुढील वर्षांत पुष्कळ विद्यालयांनी कार्यशाळा आवरल्या, आरेखनाचे तास कमी केले आणि विद्यार्थी चार वर्षे समीकरणे सोडविण्यात घालवू लागला. १९६९ साली हर्बर्ट सायमन यांनी आपल्या ग्रंथात स्पष्टच लिहिले, की अभियांत्रिकी शाळा भौतिकशास्त्र आणि गणिताच्या शाळा होऊन बसल्या असून रचना त्यांच्यातून हद्दपार झाली आहे. तंत्रज्ञानाचे इतिहासकार युजीन फर्ग्युसन यांनी १९९२ साली हीच तक्रार अधिक कडक शब्दांत मांडली: नजरेने आणि स्पर्शाने होणारे ज्ञान हरवले, की गणित बरोबर येऊनही वस्तू चुकते. यात थोडी अतिशयोक्ती असेल. तरी दांडीला किती भार सोसेल हे दशांशापर्यंत सांगणाऱ्या पण दांडी हातात घेतल्यावर तिला कुठे धरावे हे न कळणाऱ्या पदवीधराची ओळख आपल्याकडेही कोणाला नवीन नाही.

याच मॅसॅच्युसेट्सच्या विद्यालयात १९७० च्या दशकात वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांनी यंत्ररचनेच्या आरंभीच्या वर्गाला नवे वळण दिले. प्रत्येक विद्यार्थ्याला किरकोळ सामानाची सारखीच पिशवी मिळे आणि त्यातून ठराविक काम करणारे यंत्र बनवून वर्षअखेरीस सर्वांसमोर शर्यतीत उतरवावे लागे. ज्या इमारतीत भिंतीभर समीकरणे असत, तेथे रबर, दोऱ्या आणि पत्र्यांचे तुकडे दिसू लागले. पुठ्ठ्याच्या खुर्चीचा पाठ या शर्यतीचा धाकटा भाऊ म्हणता येईल.

खुर्चीच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण खुर्ची मोठी फसवी आहे. ती सर्वांच्या ओळखीची, म्हणून प्रत्येकाला वाटते की आपल्याला ती येते. पण माणूस खुर्चीवर ठेवलेल्या पोत्यासारखा स्थिर नसतो. तो धाडकन बसतो, मागे रेलतो, एका कुशीवर कलतो, उठताना हातांवर जोर देतो. चार पायांची लाकडी खुर्ची पुठ्ठ्यात उतरवू पाहणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी फसतो, कारण पुठ्ठ्याचा बारीक पाय दबून नव्हे, वाकून मोडतो. लेओनहार्ड ऑयलर यांनी १७४४ सालीच दाखविले होते, की सडपातळ खांबाची उंची निम्मी केली तर तो चौपट भारापर्यंत वाकत नाही. विद्यार्थी ते सूत्र शिकलेला असतो. पण आपल्याच खुर्चीचा पाय गुडघ्यात मुडपलेला पाहिल्यावर त्याला ते भेटते. मग तो पाय टाकून देतो आणि एकमेकांना छेदणाऱ्या उभ्या फळ्या घेतो, जेणेकरून प्रत्येक फळी दुसरीला वाकू देत नाही. मद्याच्या बाटल्यांच्या खोक्यात आतून जशी चौकटी असते, तशी ती रचना होते. खाच किती रुंद ठेवावी हा पुढचा पेच. पुठ्ठ्याच्या जाडीहून सैल झाली तर सांधा डुगडुगतो. घट्ट झाली तर फळी बसविताना कड चेचते आणि चेचलेली कड पुन्हा कधी पूर्वीचा भार घेत नाही.

खोक्यांच्या व्यापारानेही या बाबतीत शास्त्र उभे केले आहे. १९६३ साली अमेरिकेतील ॲपलटन येथील कागदरसायन संस्थेच्या मकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोका किती भार सोसेल याचे एक सुटसुटीत सूत्र दिले. त्यात पुठ्ठ्याच्या कडेची दाब सोसण्याची शक्ती, त्याची जाडी आणि खोक्याचा घेर एवढ्याच गोष्टी येतात. बहुतेक भार कोपरे वाहतात, भिंतींचा मध्य लवकर फुगून अंग काढून घेतो. म्हणून ज्याने खुर्चीला कोपरे अधिक दिले त्याची खुर्ची टिकते. आणखी एक परीक्षक असतो, तो हवेतला ओलावा. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात पुठ्ठा हातात घेतला तर तो सादळलेल्या पापडासारखा लागतो. मे महिन्यात माणसाला पेलणारी खुर्ची जुलैत दगा देऊ शकते. हवामानाचा विचार रचनेत का करावा, याचे दुसरे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

बाजारातही ही खुर्ची येऊन गेली. १९६३ च्या सुमारास लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील पीटर मर्डॉक या विद्यार्थ्याने कागदाच्या एकाच तक्त्यातून घड्या घालून मुलांची ठिपकेदार खुर्ची काढली. ती सपाट येई आणि घरी दुमडून उभी करावी लागे. वास्तुविशारद फ्रँक गेहरी यांनी १९६९ ते १९७३ या काळात वेगळीच वाट धरली. पुठ्ठ्याचे असंख्य तक्ते एकावर एक चिकटवून, पन्हळींची दिशा आलटून पालटून, त्यांनी लाटेसारखी वळणारी खुर्ची केली. लोकांनी ती उचलून धरली, पण आपण फर्निचरवाले म्हणून ओळखले जाऊ या भीतीने गेहरी यांनीच तो उद्योग आवरता घेतला. शिक्षकाच्या दृष्टीने मर्डॉकची घडी अधिक मोलाची. गेहरींच्या खुर्चीत ढिगाचा जोर जास्त आणि युक्ती कमी, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली भरले, खेळाडूंना पुठ्ठ्याचे पलंग दिले तेव्हा जगभर थट्टा झाली. ते पलंग सुमारे २०० किलो भार घेणारे होते, आणि आयर्लंडच्या एका कसरतपटूने त्यावर उड्या मारून दाखविल्यावर थट्टा काहीशी थांबली.

या विषयाचा सर्वांत हृद्य भाग मात्र ऑलिंपिकपासून आणि प्रदर्शनांपासून दूर आहे. बॉस्टनजवळ वॉटरटाउन नावाचे गाव आहे. तेथील शिक्षकांच्या एका कार्यशाळेत जॉर्ज कोप आणि फिलिस मॉरिसन यांनी तीन पदरी जाड पुठ्ठ्याची सुतारकी विकसित केली आणि १९७३ साली तिच्यावर एक पुस्तक काढले. या पुठ्ठ्याला करवत लागते, भोक पाडता येते, खुंटी बसविता येते. पण लाकडाच्या मानाने तो हलका, स्वस्त आणि चुकीला क्षमाशील. शाळेतील मुलांनी आणि शिक्षकांनी आपल्या वर्गाची टेबले, कपाटे, बाके आपणच करावीत, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच वॉटरटाउनमध्ये अंध मुलांची पर्किन्स ही जुनी शाळा आहे. तेथे ॲलेक्स ट्रूसडेल या शिक्षिकेने १९८० च्या दशकापासून अपंग मुलांसाठी आसने आणि साधने करण्यास आरंभ केला. ज्या मुलाच्या पाठीत जोर नाही, त्याला साध्या खुर्चीत बसविले तर ते घसरते. घसरू नये म्हणून आपली सारी शक्ती तोल सावरण्यात घालविते. मग हाताने चमचा धरणे किंवा फळ्याकडे पाहणे त्याला कसे जमावे? कारखान्यातली तयार आसने महाग, आणि ती सरासरी मापाची असतात. या मुलांना सरासरी माप नसते. एकाला उजवीकडे दोन बोटे अधिक उंच टेकू हवा, दुसऱ्याचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून खाली पाट हवा. मुलाला मापून, पुठ्ठा कापून, बसवून, पाहून, पुन्हा कापून त्याच मुलाचे आसन करावयाचे, ही ट्रूसडेल बाईंची रीत. १९२० च्या दशकातील आल्बर्स यांच्या वर्गात आणि या कामात एक फरक आहे: तेथे कागदाला काय साधते हे पाहावयाचे होते, येथे मुलाला काय हवे हे पाहावयाचे आहे. २००१ साली त्यांनी न्यू यॉर्कमध्ये यासाठी स्वतंत्र संस्था काढली. तेथे शिक्षक, पालक, उपचारक आणि विद्यार्थी हे काम शिकतात. २०१५ साली त्यांना मॅकआर्थर प्रतिष्ठानची फेलोशिप मिळाली. हा बहुमान सहसा शास्त्रज्ञांना आणि कलावंतांना जातो, पुठ्ठा कापणारीला तो मिळाला.

झिंबाब्वेमध्ये बेव्हिल पॅकर या शिक्षकाने तर तीन पदरी पुठ्ठाही आवश्यक मानला नाही. रद्दी कागद, फाटके खोके आणि पिठाची खळ एवढ्यावर त्याने टेबले, खुर्च्या आणि अपंग मुलांची आसने करण्याची पद्धत बसविली. १९९५ साली तिचे पुस्तक लंडनहून निघाले. खोक्याचे तुकडे खळीने एकावर एक चिकटवायचे, वजन ठेवून वाळवायचे आणि वरून कागदाचे थर देऊन रंग किंवा व्हार्निश लावायचे. दुकानातून जवळजवळ काहीच आणावे लागत नाही. हे काम कोणत्याही गावच्या शाळेच्या पडवीत होऊ शकते.

जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी कागदाच्या नळ्यांची घरे उभारली, तीही याच कुळातली. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर तेथील ताकातोरी चर्चसाठी ५८ नळ्यांचे सभागृह १६० स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत बांधले. २००१ साली भूजला भूकंप झाला तेव्हा बान यांनी तेथेही कागदी नळ्यांची घरे उभी केली.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात पुठ्ठ्याची खुर्ची करताना हल्ली काही ठिकाणी शिक्षक एक अट बदलतात: खुर्ची अमुक भार पेलणारी असावी असे न सांगता, ती अमुक मुलासाठी असावी असे सांगतात. मग वर्गाची हवा पालटते. कोणाची खुर्ची सर्वांत हलकी, याची चर्चा मागे पडते. विद्यार्थी शाळेत जाऊन त्या मुलाची मांडी, पाठ आणि टाच मापतात. त्याच्या आईला विचारतात, की ते जेवताना कोणत्या बाजूला कलते. पहिली खुर्ची बहुधा चुकते. तिचा उजवा टेकू काढून तो दोन बोटे पुढे सरकवावा लागतो, बसकेला उतार द्यावा लागतो, आणि सहा महिन्यांनी मूल वाढले की हे सारे पुन्हा पहिल्यापासून मापावे लागते.